ठासणीच्या बंदुकीची नळी दुसऱ्या दस्त्यात बसवायचीय? आधी हे वाचा

आमच्या घरात दोन ठासणीच्या बंदुका. एक बाबांच्या नावावर, मूळची आजोबांची, तिची नळी अजून सरळ आणि आतून बऱ्यापैकी स्वच्छ, पण दस्ता वाळवीने असा खाल्लेला की मुठीजवळ अंगठा दाबला तर आत जायचा. दुसरी काकांची, तिचा शिसवी दस्ता वर्षानुवर्षं तेल पिऊन काळाभोर गुळगुळीत झालेला, पण नळी तोंडाजवळ किंचित फुगलेली आणि आत गंजाचे खड्डे. आता हे वाचून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्या मनात आलं, की ह्याची नळी त्याच्या दस्त्यात टाकायची, दोन स्क्रू, दोन पाचरी, एका रविवारचं काम.

त्या एका रविवारच्या कामाला मला एका चवथीपासून (गणेशचतुर्थीपासून) पुढच्या चवथीपर्यंत वेळ लागला. त्यातला निम्मा वेळ मी चुकीच्या क्रमाने कामं केली म्हणून गेला. गोव्यात सत्तरी, सांगे, केपे, धारबांदोडा ह्या भागात बागायतवाल्यांच्या घरी अशा बंदुका अजून आहेत आणि वारसाने नव्या पिढीच्या हातात येतायत, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय.

आधी शब्द सांगतो, कारण प्रत्येक जण वेगळं बोलतो. नळी म्हणजे बॅरल. दस्ता म्हणजे लाकडी भाग, पोलीस स्टेशनवर त्याला बट म्हणतात आणि हिंदी बोलणारे कारागीर कुंदा म्हणतात. घोडा ज्या पट्टीवर असतो ती आतल्या स्प्रिंगसकट सगळी यंत्रणा म्हणजे लॉक. नळीचं मागचं बंद टोक म्हणजे बूड, आणि बुडाला मागे जी लोखंडी जीभ असते, जी स्क्रूने मुठीवर बसते, तिला मी शेपूट म्हणणार आहे. ज्याच्यावर टोपी (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी छोटी कॅप) लावतात ते निपल. पाचर म्हणजे नळीला दस्त्यात अडकवून ठेवणारी आडवी चपटी खीळ. बार म्हणजे नळीत तोंडातून ठासलेली बंदुकीची दारू, चिंध्या आणि छर्रे. गज म्हणजे बार ठासायची लांब काठी, ती दस्त्याखालच्या भोकात राहते.

१. पहिलं काम: बंदूक भरलेली आहे का बघा

हसू नका. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या ठासणीच्या बंदुकीत बार तसाच असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, कारण ह्या बंदुकीतून बार काढायचा सोपा मार्ग म्हणजे तो उडवणं, आणि उडवायचं कारण पडलं नाही तर तो तसाच राहतो. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक दशकांनीसुद्धा पेटते.

तपासायची पद्धत अशी. घोड्यावर, निपलवर टोपी नाही हे बघायचं. नळीचं तोंड स्वतःकडे किंवा कुणाकडेही न धरता गज हळूच आत सोडायचा, टेकला की तोंडापाशी गजावर पेन्सिलने खूण करायची. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून शेजारी धरायचा, खूण तोंडाशी जुळवायची आणि गजाचं टोक मागे कुठपर्यंत पोचतं ते बघायचं. रिकामी असेल तर टोक निपलच्या जागेपर्यंत जातं. दोन-तीन बोटं अलीकडे थांबलं तर आत काहीतरी आहे.

काकांची बंदूक चार बोटं अलीकडे थांबली. काका म्हणाले, "अरे कचरा असेल, कुंभारणीचं घर असेल." आत छर्रे, चिंध्या आणि दारू, सगळं जागच्या जागी होतं, आणि ही बंदूक आम्ही दर खंडेनवमीला पाटावर ठेवून तिला हळदकुंकू लावत होतो, पोरं आजूबाजूला बसलेली.

गज थांबला तर पुढे काही करू नका. पाणी ओता, तेल ओता, तार घालून खरवडा असं गावात कुणीतरी सांगणारच, ऐकू नका. लायसन्सधारक दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारा, भरलेली आहे हे स्पष्ट सांगा आणि तो म्हणेल तसंच न्या.

२. कागद (हे मोजमापाच्या आधी)

मी इथेच चुकलो. मी आधी यूट्यूब बघितलं. तिथे अमेरिकन माणसं टपालाने नळी मागवतात, जेवणाच्या टेबलावर पाचर काढतात, नवी नळी बसवतात, झालं. ते त्यांना चालतं कारण त्यांच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या बंदुका बहुतेक बाबतीत 'अँटिक' मध्ये जातात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६, आणि त्यात ठासणीची बंदूक ही पूर्ण बंदूक आहे.

कायद्याच्या कलम ५ प्रमाणे लायसन्स नसताना बंदूक बनवणं तर सोडाच, दुरुस्त करणं आणि तिच्यात बदल करणं पण गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ह्याला कमीत कमी ७ वर्षं आहेत. म्हणजे तुमच्याकडे बंदूक बाळगायचं लायसन्स असलं तरी ती खोलून दुसऱ्या दस्त्यात बसवायचं लायसन्स नसतं, ते दुरुस्तीवाल्याकडे असतं. आणि आपला गावचा मेस्त (सुतार) कितीही हुशार असला, देवळाचा खांब त्याने कोरलेला असला, तरी हे काम त्याला द्यायचं नाही. तुम्ही त्याला पण अडकवाल.

"पण ही तर जुनी आहे, अँटिक आहे, हिला लायसन्स लागत नाही" हे दुसरं नेहमीचं. कलम ४५ मध्ये जुन्या नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशाच हत्याराला. तुम्ही तर ती दुरुस्तच करायला निघालाय, मग सूट कुठली.

आता मुद्द्याची गोष्ट. लायसन्सवर बंदुकीचं वर्णन असतं, प्रकार, बोअर (नळीच्या भोकाचं माप), नंबर. हा नंबर बहुतेक वेळा नळीवर असतो. म्हणजे कागदाच्या दृष्टीने नळी हीच बंदूक. तुम्ही 'नळी बदलायची आहे' असं अर्जात लिहिलंत की समोरच्या क्लार्कच्या डोक्यात ह्याला नवी बंदूक हवीय असं येतं, आणि ते चूक पण नाही. माझा पहिला अर्ज ह्याच एका वाक्यामुळे तीन टेबलं फिरून परत आला. त्यात आमच्या काकांच्या बंदुकीचा नंबर नळीवर होता आणि तोच नंबर लॉकवरपण ठोकलेला होता, म्हणजे मी मनात ठरवलं होतं तसं बाबांची नळी, काकांचा दस्ता, काकांचंच लॉक असं जोडलं असतं तर एकाच बंदुकीवर दोन नंबर झाले असते. नाक्यावर कुणी तपासलं तर काय सांगणार?

म्हणून विचार उलटा करा. नळी आणि तिचं स्वतःचं लॉक एकत्र ठेवायचं, त्यांना वेगळं करायचं नाही, आणि फक्त लाकूड बदलायचं. हातात बघितलं तर तीच गोष्ट वाटते, पण आता बंदुकीचा नंबर तोच राहतो, प्रकार तोच, बोअर तोच, आणि अर्जात खरं तेच लिहिता येतं की दस्ता खराब झालाय, दुसऱ्या बंदुकीचा दस्ता लायसन्सधारक दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्यायचाय, परवानगी द्यावी. पुढचं सगळं मोजमाप सुद्धा ह्याच हिशेबाने करायचं.

दोन बंदुका दोन वेगळ्या माणसांच्या नावावर असतील (आमच्यासारख्या) तर अजून एक पायरी वाढते. ज्या बंदुकीचा दस्ता काढायचा ती बंदूक आधी कागदावर कुठेतरी गेली पाहिजे. काकांना तशीही ती नकोच होती. पर्याय दोन: रीतसर हस्तांतर, ज्यात विकायच्या किंवा द्यायच्या आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून निदान ४५ दिवस थांबावं लागतं, नाहीतर बंदूक जमा करणं. आम्ही दुसरा घेतला, काकांनी बंदूक डीलरकडे जमा केली आणि दस्ता तिथूनच दुरुस्तीसाठी वापरायची परवानगी मागितली. भाऊ-भाऊ आहेत, एकाच घरात राहतात, म्हणून तोंडी चालेल असं समजू नका.

आणि वारसाची बंदूक असेल, नाव अजून आजोबांचंच असेल, तर आधी ते. नियम २५ प्रमाणे लायसन्सधारक वारल्यावर वारसाला अर्ज करता येतोच, पण तो हयात असताना सुद्धा त्याची ७० वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली तर वारसाच्या नावावर करता येते. हे लोकांना माहीत नसतं आणि मग म्हातारं माणूस गेल्यावर बंदूक बेवारशी माळ्यावर राहते आणि सगळ्यांना घोर.

मी जवळ ठेवलेले कागद:

- चालू लायसन्स, त्याच्यावर यूआयएन (प्रत्येक लायसन्सधारकाचा वेगळा ओळख नंबर) असलेलं (नसेल तर बाकी सगळं सोडून आधी तेच करा)
- दोन्ही बंदुकांचे नळीवरच्या आणि लॉकवरच्या नंबरांचे जवळून काढलेले फोटो
- काकांचं संमतीपत्र आणि त्यांची बंदूक जमा केल्याची पावती
- आधार, रेशनकार्ड, फोटो
- एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा, सातबारासारखा), कारण आमचं लायसन्स शेतीच्या राखणीसाठीचं आहे
- दुरुस्तीवाल्याच्या लायसन्सची झेरॉक्स आणि त्याने लेटरहेडवर लिहून दिलेलं कामाचं वर्णन
- ह्या सगळ्याच्या तीन प्रती, आवक शिक्का मारून घेतलेली एक स्वतःकडे

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. शिक्क्याची प्रत नसेल तर तुमचा अर्ज म्हणजे पाण्यावरची रेघ.

शेतीराखणीचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, हे जाता जाता. रानडुकराने कितीही नासाडी केली तरी १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे.

३. दुरुस्तीवाला शोधणं

डीलर सगळे दुरुस्ती करतातच असं नाही. विचारायचं काय, तर दुरुस्तीचं लायसन्स आहे का, आणि ठासणीच्या बंदुकीला लाकूड बसवलंय का कधी. दुसऱ्या प्रश्नाला "होईल ओ" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. काडतुसाच्या बंदुकीचा कारागीर वेगळा आणि हा वेगळा.

इथे एक सापळा. कुणीतरी सांगतं बेळगावला चांगला माणूस आहे, आणि आम्हाला सत्तरीतून बेळगाव म्हणजे चोर्ला घाट चढला की आलंच, पणजीपेक्षा तिकडेच जास्त जाणं-येणं. पण लायसन्सवर 'क्षेत्र' बघा. शेतीराखणीचं लायसन्स बऱ्याचदा तालुक्यापुरतं किंवा जिल्ह्यापुरतं असतं. केरीचा नाका ओलांडला की तुमची कायदेशीर बंदूक बेकायदेशीर झाली. राज्याबाहेर न्यायची तर आधी लेखी परवानगी, नाहीतर इथलाच माणूस शोधा. मी इथलाच शोधला, वेळ जास्त लागला, पण रात्री झोप लागली.

निवडणूक जवळ असेल तर थांबा. आचारसंहितेत बंदुका जमा करायचे आदेश निघतात आणि तेव्हा तुमची बंदूक खोललेल्या अवस्थेत दुकानात असली तर कुणी कुठे जमा करायची ह्यावरून गोंधळ होतो. माझ्या ओळखीच्या एकाची नळी दुकानात आणि लॉक घरी होतं. त्याने तो पूर्ण आठवडा फोनवर काढला.

४. मोजमाप: बसेल का नाही हे आधी कागदावर

हे तुम्ही बाहेरून, काही न खोलता बरंचसं करू शकता. वर्नियर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात साधा मिळतो तो पुरतो.

ठासणीच्या बंदुकीत नळी-दस्ता बदलणं सोपं का वाटतं, तर काडतुसाच्या बंदुकीसारखं नळी आणि मागचं बोल्ट ह्यांचं केसाएवढं माप जुळवायचं नसतं. नळी मागून बंदच असते, बाराचा सगळा दाब ती स्वतः सोसते. लाकडाचं काम फक्त धक्का झेलायचं, नळी धरून ठेवायचं आणि घोडा निपलच्या समोर आणायचं. पण ही तीन कामं त्याला नीट करता आली पाहिजेत.

कारखान्याच्या रायफलींची गोष्ट सांगतो म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेत थॉम्पसन सेंटर कंपनीच्या हॉकेन आणि रेनेगेड ह्या दोन ठासणीच्या रायफली खूप खपल्या, दोन्हींत नळीच्या बुडाला आकडा असतो आणि तो शेपटीत अडकतो, पाचर काढली की नळी वर उचलून निघते, म्हणून लोक त्यांच्या नळ्या आपसात बदलतात. पण हॉकेनची अष्टकोनी नळी पाऊण इंचाहून जाड, १५/१६ इंच, म्हणजे २३.८ मिलीमीटर, आणि रेनेगेडची पूर्ण १ इंच, २५.४ मिलीमीटर. बारीक नळी रुंद खाचेत ठेवली तर दोन्ही बाजूंना पाऊण मिलीमीटरची फट राहते, दिसायला वाईट पण बसते. उलट करायला गेलात तर जाड नळी अरुंद खाचेत जातच नाही, लाकूड तासावं लागतं. एकाच कंपनीच्या, एकाच काळातल्या दोन बंदुकांची ही गत, मग आपल्याकडे एक बेल्जियमची आणि एक कुणी कुठे घडवली देव जाणे अशी, त्यात काय जुळणार.

बेल्जियम कसं कळलं ते सांगतो. आमच्या सत्तरीत प्रत्येक जुनी बंदूक पोर्तुगीजांविरुद्धच्या राण्यांच्या बंडातली असते. आमचीही दीपाजी राण्यांच्या, १८५२ च्या बंडातली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. दुरुस्तीवाल्याने बुडाजवळचा गंज चिंधीने पुसला आणि भिंगातून मला दाखवलं, एका उभ्या अंडाकृतीत ई एल जी ही तीन रोमन अक्षरं आणि वर छोटा मुकुट. तो बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या चाचणीघराचा शिक्का, आणि त्यावर मुकुट आला १८९३ मध्ये. मी घरी येऊन हे सांगितलं तर बाबा दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

पण हा शिक्का बघाच. चाचणीघराचा शिक्का असेल तर ती नळी निदान एकदा जास्त दाबाने तपासून बाहेर पडलेली. कुठलाच शिक्का नसलेली गावठी नळी असेल तर चांगल्या दस्त्यावर खर्च करायच्या आधी दुरुस्तीवाल्याला विचारा की ही नळी चालवण्यालायक आहे का. तोंडाजवळ फुगवटा, बुडाजवळ खोल खड्डे, निपलच्या मुळाशी काळा डाग म्हणजे धूर बाहेर येतोय, ह्यातलं एक जरी असलं तर विषय संपला. ती भिंतीवर शोभेल, आणि त्यासाठी पण रीतसर निकामी करून घ्यावी लागेल.

मापं घ्यायची ती ही:

- नळीची जाडी तीन ठिकाणी, बुडाशी, मध्ये आणि तोंडाशी. बऱ्याच नळ्या मागे अष्टकोनी आणि पुढे गोल असतात, अष्टकोन कुठे संपतो तेही लिहा
- बुडाच्या पाठीपासून निपलच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे एक माप चुकलं तर बाकी सगळं फुकट
- बुडापासून पहिल्या पाचरीच्या किंवा पिनेच्या कडीपर्यंत, मग दुसरीपर्यंत
- शेपटीची लांबी, रुंदी, आणि स्क्रूचं भोक कुठे. शेपटीचा बाक पण, कारण मुठीचा उतार प्रत्येक दस्त्याचा वेगळा
- लॉकच्या पट्टीची लांबी-रुंदी. पट्टी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवून आकार काढता आला तर उत्तम, पण लॉक काढायचं काम दुरुस्तीवाल्याकडेच
- गजाची जाडी, कारण दस्त्याखालचं गजाचं भोक बारीक असेल तर गज अडकतो

हे दोन्ही बंदुकांचं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा. माझ्या कागदावर दोन मापं लाल पेनाने गोल केलेली होती, निपलचं अंतर ३ मिलीमीटरने वेगळं आणि लॉकची पट्टी आमची लांब. हा कागद मी अर्जाच्या आधी केला असता तर दुरुस्तीवाल्याने कामाचं वर्णन पहिल्याच वेळी बरोबर लिहून दिलं असतं. मी दोनदा लिहून घेतलं.

५. दुकानात काम चाललेलं असताना काय बघायचं

काम तो करणार, पण तुम्ही तिथे एकदा तरी जा आणि बघा, आणि कळत नसेल तर विचारा.

पहिलं, धक्का कुठे बसतो. बार उडाला की नळी मागे रेटते. तो रेटा बुडाच्या सपाट पाठीने लाकडावर टेकून सोसायचा असतो. बूड आणि लाकूड ह्यांच्यात फट राहिली तर सगळा धक्का शेपटीच्या एका स्क्रूवर येतो आणि दहा-वीस बारांत मुठीजवळ दस्ता उभा चिरतो. आमच्या कारागिराने ह्यासाठी एक पणती लावली, तिच्या ज्योतीवर बुडाची पाठ धरून काजळी जमवली, नळी दस्त्यात दाबून बसवली आणि परत उचलली. लाकडावर दोन कोपऱ्यांतच काळे ठिपके. म्हणजे तेवढंच टेकतंय. त्याने पटाशीने ते दोन ठिपके नखाएवढे तासले, परत काजळी, परत दाबून उचललं. हे असं मी मोजलं नाही पण अर्धा तास चाललं असेल, शेवटी सगळी पाठ काळी उमटली. हे न करता जो "बसली बघा" म्हणून स्क्रू आवळतो त्याच्याकडून बंदूक परत घ्या.

दुसरं, घोडा. घोड्याच्या नाकाची वाटी निपलवर सरळ, मधोमध आली पाहिजे. कडेवर आपटली तर टोपी फुटून तुकडे डोळ्यात येतात, किंवा नुसतंच टक्क वाजतं आणि बार उडत नाही, आणि ठासणीच्या बंदुकीत न उडालेला बार म्हणजे सगळ्यात धोक्याची गोष्ट कारण तो उशिराने उडू शकतो. आमच्यात ते ३ मिलीमीटर इथे नडत होते. काकांच्या दस्त्यातली लॉकची खाच त्यांच्या लॉकच्या मापाची. त्याने त्या खाचेत जुन्या शिसवाचं ठिगळ चिकटवलं, आठवडाभर सुकू दिलं आणि मग आमच्या लॉकच्या आकाराने नवी खाच कोरली. काही जण ह्याऐवजी घोडाच तापवून वाकवतात. थोडंसं चालतं, पण आधी लाकूड, मग लोखंड असा क्रम मला बरा वाटला.

तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही. चाप दस्त्यात बसवलेला असतो आणि लॉक वेगळं, दोघांची गाठ आत पडते. दस्ता बदलला की ती गाठ बदलते. चाप लॉकच्या पायाला आधीच टेकून राहिला तर घोडा अर्ध्यावर धरत नाही, घसरतो. म्हणून बंदूक हातात घेतल्यावर, रिकामी असताना, घोडा अर्ध्यावर ओढून बघायचा आणि चाप दाबायचा. पडता कामा नये. मग पूर्ण ओढायचा, दस्त्याला तळहाताने थापटायचं. तरी पडता कामा नये.

पाचरी अंगठ्याने अर्ध्याहून जास्त आत जायला हव्यात, वर लाकडी हातोडीची एक टिचकी. घण घातल्यासारखं ठोकावं लागत असेल तर नळी खाचेत ताणून बसलीय, आज ना उद्या दस्ता तडकणार.

६. लाकूड आणि आपला पाऊस

परदेशी व्हिडिओत हे सापडणार नाही. काकांचा दस्ता मेमध्ये मोजला तेव्हा खाच आणि आमची नळी एकदम बरोबर जमत होती, कारागीर पण खूश. मिरग लागला, परवानगी आली जुलैत, तोवर लाकूड फुगून खाच इतकी आवळली की नळी हाताने जाईना. तो म्हणाला तासू का. मी हो म्हणणारच होतो. तेव्हा तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "आणि मार्चमध्ये काय कागद भरणार मध्ये?"

जुलैत तासलं असतं तर उन्हाळ्यात नळी खुळखुळली असती. म्हणून थांबलो. लाकडाचं शेवटचं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा, किंवा निदान दस्ता दोन आठवडे घरात कोरड्या जागी, चुलीच्या धुराला नाही, ठेवून मग करा. नवा दस्ताच करून घेत असाल तर लाकूड चांगलं मुरलेलं हवं, ओल्या फळीला हात लावू नका. आणि तासलेला प्रत्येक भाग, खाचेच्या आतून, लॉकच्या खाचेतून सुद्धा, अळशीच्या तेलाने माखून घ्या. बाहेरून चकचकीत पॉलिश आणि आतून कोरडं लाकूड म्हणजे पाणी आतून शिरणार आणि वाळवीला आमंत्रण. बाबांचा जुना दस्ता तसाच गेला.

खोबरेल तेल लोखंडाला नको. आपल्याकडे सगळ्याला खोबरेल. ते काही महिन्यांनी चिकट होतं, लॉकच्या आत धूळ धरतं आणि घोडा रेंगाळतो. शिलाई मशीनचं तेल पुरे.

७. परत आणताना आणि आणल्यावर

पावतीवर नळीचा नंबर, लॉकचा नंबर, काय काम केलं आणि तारीख, एवढं लिहून घ्या. पहिला बार त्यानेच, बंदूक स्टँडला बांधून, लांबून दोरीने उडवून बघायचा, तुमच्या खांद्यावर नाही. आणि दारू काळीच. काडतुसातली बिनधुराची दारू थोडीशी चालते असं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून दहा पावलं लांब राहा, ठासणीच्या नळीत ती घातली की नळी फाटते.

मग ती पावती आणि बंदूक घेऊन, ज्या कचेरीने परवानगी दिली तिथे काम झाल्याचं कळवायचं आणि पोच घ्यायची. हे लोक विसरतात. काकांची उरलेली नळी आणि लॉक जमा पावतीवर वेगवेगळे लिहिलेत ना तेही बघा, आमच्या पावतीवर नुसतं 'एक बंदूक' होतं आणि दस्ता नसलेली बंदूक बघून पुढचा माणूस विचारणारच की लाकूड कुठे गेलं. ते दुरुस्त करायला अजून एक फेरी झाली.

उडवल्यावर नळी गरम साबणाच्या पाण्याने त्याच दिवशी धुवायची, काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि आपल्या हवेत एका रात्रीत गंज धरते. कोरडी चिंधी, मग तेलाची चिंधी. पाऊस संपला की पाचरी सैल झाल्यात का आणि अर्धा घोडा धरतोय का एवढं बघायचं.

ह्या खंडेनवमीला पाटावर एकच बंदूक होती. हळदकुंकू लावायच्या आधी काकांनी स्वतः गज मागितला, आत सोडला, खूण केली, बाहेर धरून बघितली आणि मगच पोरांना जवळ येऊ दिलं.